जवानाची रजा

सप्टेंबर १९६५. आमच्या सहकारी सोसायटीच्या दुकानात सतरा रुपयांच्या पेपरमिंटच्या गोळ्या पडून होत्या. त्यांचं काय करायचं हे ठरवायला तिघं हजर होतो: चेअरमन, मानद सचिव म्हणून मी, आणि दुकानाचे सेल्समन भानुदासअण्णा. अण्णांनी खाडकन सलाम ठोकला. “आठ दिवस द्या साहेब. ह्यो मोर्चा माजा.”

लढाई सुरू झाल्यापासून अण्णांचं असंच चाललं होतं. ज्वारीला ते ‘रसद’ म्हणत, रॉकेलच्या रांगेला ‘पलटण’. गिऱ्हाईक आलं की आधी सलाम, मग वजन. म्हाताऱ्या सोजराबाई वैतागायच्या, “भान्या, त्यो हात खाली घे आन् तराजूला लाव.”

त्या साली पावसानं दडी मारली होती. ज्वारी घेतानाच लोकांची ओढाताण, तिथं गोळ्या कोण घेणार?

अण्णांनी दुकानाच्या लांब भिंतीवर खडूनं नकाशा काढला. एका टोकाला आमचं गाव, दुसऱ्या टोकाला शत्रूची चौकी, चौकीवर बैलगाडीएवढी तोफ. गावाच्या वेशीत एक जवान. गोळी दोन पैशाला. एक गोळी खपली की अण्णा ओल्या फडक्यानं जवानाला पुसायचे आणि बोटभर पुढं काढायचे.

शाळा सुटली की पोरांची झुंबड. रिकाम्या हातानं उभ्या राहणाऱ्याला अण्णा धरायचे, “कावून बे, जवान तिकडं लढतो आन् तू फुकट नकाशा बघतो?”

मी एकदा विचारलं, “अण्णा, गोळी पोरगं खातं. जवानाला काय पोचतं?”

“हिंमत!”

हिंमत कुठल्या मापानं मोजतात मला ठाऊक नाही, पण आठ दिवसांत पाच रुपये साठ पैशांच्या गोळ्या खपल्या. जवान तोफेपासून वीतभर अंतरावर राहिला.

नवव्या दिवशी कमल आली. दुसरीतली पोर. तिचे वडील फौजेत शिपाई, आणि महिनाभर त्यांचं पत्र नव्हतं. तिनं ओढणीच्या चिंधीची गाठ सोडली. आत चार गोळ्या, एकमेकींना चिकटलेल्या.

“अण्णा, ह्या परत घ्या.”

“कावून गं? ग्वाड न्हाईत?”

“खाल्ल्याच न्हाईत. बाबासाठी ठिवल्या व्हत्या. तुमी त्यांना मागं आना. तोफंपशी नगा नेऊ.”

मागून एक पोरगं ओरडलं, “चार गोळ्यांत चारच बोटं यील मागं!”

कमलनं भिंतीकडं पाहिलं. गाव फार लांब होतं.

विकलेला माल परत घेतला जात नाही, अशी पाटी दुकानात मीच लावली होती. मी तोंड उघडलं, तसा अण्णांनी हात वर केला. सलामासाठी नव्हे, मला गप्प करण्यासाठी. त्यांनी जवान पुसला, फडकं घेऊन सगळी भिंत चालत गावापाशी आले आणि त्याला बाजेवर बसलेला काढला.

“बंदूक नगं,” कमल म्हणाली.

अण्णांनी बंदूक पुसली. मग कुणी न सांगता एक घर काढलं. दार, चूल, चुलीचा धूर, दारात शेळी. पोरं कंटाळून निघाली तरी ते काढतच होते. अण्णांचं लग्न झालं नव्हतं. दुकानामागच्या खोलीत, रिकाम्या पोत्यांच्या शेजारी ते एकटे राहत. घरात कुठं काय असतं हे त्यांनी इतकं बघून ठेवलं असेल, असं मला वाटलं नव्हतं.

कमल पैसे न घेताच पळाली.

दुसऱ्या दिवशी पोरं हसली, “अण्णा, जवान पळाला का?”

“पळाला न्हाई बे. रजा मंजूर झाली.”

“मंग तोफंपशी कोन जानार?”

“तिकडचं मी बगतो. तुमी शाळंत जा.”

त्यानंतर एकही गोळी खपली नाही. राहिलेले अकरा रुपये चाळीस पैसे अण्णांच्या दोन पगारांतून कापायचं ठरलं. अण्णांनी सही केली. सलाम केला नाही. कमलच्या चार गोळ्या त्यांनी स्वतःकडं ठेवल्या, म्हणून त्या मालात धरल्या नाहीत.

कमल रोज भिंत बघायला यायची. पत्र अजून आलं नव्हतं. एक दिवस अण्णांनी तिला थांबवून खिशातून पैसे काढले. तिनं हात मागं घेतला.

“पैसे घेतले तर बाबा परत तिकडं जातील?”

“न्हाई माय,” अण्णा म्हणाले. “ह्यो रजेचा पगार हाय. घरच्या मानसाला मिळतो.”

आठ पैसे. कमलनं ते मोजून घेतले.