कुलपाचे दोन हजार फोटो

आपल्याला कुणी फसवू शकत नाही, असं चष्मेवाल्याचं ठाम मत होतं. त्यासाठी त्याने एक पद्धतच घालून घेतली होती. संध्याकाळी दुकानाचं शटर ओढायचं, कुलूप लावायचं, दोनदा ओढून पाहायचं आणि कुलपाचा फोटो काढायचा. घरी जेवताना संशय आला की फोटो उघडायचा. कुलूप दिसलं, की पुढचा घास.

संशय रोज यायचा.

आज सहा वाजून पाच मिनिटांनी फोन म्हणाला:

जागा शिल्लक नाही.

"कुणी भरली?" त्याने फोनलाच विचारलं.

साडेसहाला लेकीचं शाळेत नाटक होतं. गेल्या वर्षी तो पोचला तेव्हा खुर्च्या उचलून ठेवत होते. या वर्षी लेक रुसली नाही, रडली नाही. "जमलं तर ये, बाबा," एवढंच म्हणाली. तेच त्याला फार लागलं होतं.

पण फोटोशिवाय हलायचं कसं?

संशयित पहिला: मेव्हणा. रविवारी "दाजी, जरा फोन द्या" म्हणून बाल्कनीत गेला, तो पंधरा मिनिटांनी आला. येताना हसत होता.

संशयित दुसरी: सासूबाई. रोज सकाळी गुलाबाचं चित्र पाठवतात. जावयाला गुलाब? कशासाठी?

संशयित तिसरी: बायको. तिला त्याने लगेच फोन लावला.

"माझ्या फोनमध्ये तू काय भरलंयस?"

"निघालात का?"

"आधी उत्तर दे."

"अहो, मी तुमच्या खुर्चीवर पर्स ठेवून बसलेय. चार जणांशी भांडून झालं."

"फोन भरलाय."

"मग फोटो उडवा."

"कुठले?"

"कुलपाचे."

चष्मेवाला सावध झाला. "तुला कसं माहीत?"

"तुम्ही कुलूप बघता बघता आमटीत फोन बुडवलात, तेव्हापासून सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे. या लवकर."

त्याने फोटो उघडले. कुलूप. कुलूप. भिजलेलं कुलूप. हललेलं कुलूप, लगेच शेजारी न हललेलं. अंगठा आणि मागे थोडं कुलूप. मध्येच लेक, पुढचे दोन दात पडलेली. पुन्हा कुलूप. एकूण दोन हजार एकशे सहा.

गुन्हेगार सापडला. तो दुकानाच्या पायरीवर उभा होता.

इथे एखाद्या शहाण्या माणसाने सगळी कुलपं एकदम उडवली असती आणि ही गोष्ट संपली असती. चष्मेवाला एकेक कुलूप तपासू लागला. गेल्या मार्चमधलं उडवावं, तर उद्या कुणी मार्चबद्दल विचारलं तर?

"भाऊ, काही हरवलं का?" शेजारच्या झेरॉक्सवाल्या बाईंनी विचारलं.

त्याने फोन छातीशी धरला. "तुम्हाला का वाटलं तसं?"

बाई आत गेल्या. यांच्यावरही लक्ष ठेवायला हवं, अशी त्याने मनाशी नोंद केली.

सहा एकवीस. त्याने मन घट्ट केलं आणि लेक वगळून सगळं पुसलं. फोन म्हणाला:

पुसलेले फोटो तीस दिवस जपून ठेवले आहेत. जागा शिल्लक नाही.

म्हणजे फोनचाही कुणावर विश्वास नव्हता. चष्मेवाल्याला क्षणभर त्याच्याबद्दल आपुलकी वाटली. मग त्याने तेही पुसलं, फोटो काढला आणि धूम ठोकली.

पडदा सरकत असताना तो खुर्चीत कोसळला. बायकोने पर्स मांडीवर घेतली. अंधार झाला. सवयीने संशय आला. त्याने फोन उघडला.

इतका स्वच्छ फोटो त्याने आजवर काढला नव्हता. मधोमध कुलूप. कुलपात किल्ली. किल्लीला जुडगा, त्यात घराचीही किल्ली.

तो अर्धा उठला.

नेमकी तेव्हाच लेक रंगमंचावर आली. दाढी लावलेली, हातात भाला. तिने आधी प्रेक्षकांत पाहिलं. बाबा दिसला. दाढीच्या आत ती एवढी हसली की दाढी एका कानावरून सुटली.

तो बसला. दोन्ही हातांनी खुर्ची धरून पूर्ण दीड तास बसला. समोर राजा आला, लढाई झाली, लोक हसले, टाळ्या पडल्या. त्याला सगळीकडे एक जुडगा लोंबकळताना दिसत होता.

नाटक संपलं. लेक दाढी हातात घेऊन धावत आली.

"बाबा, खरं सांग. माझं काम कसं होतं?"

"घट्ट," चष्मेवाला म्हणाला. "मी दोनदा ओढून पाहिलं."