आक्षेपार्ह 'नाही'

सन १९५४ मध्ये चांदा जिल्ह्यातल्या एका जंगलगावच्या शाळेत शाळा कमिटीचे सभासद गुणवंतराव तपासणीला आले. गोष्टींचं एक पुस्तक उघडून त्यांनी सतराव्या पानावरची एक ओळ वाचली: 'पाडसानं आईचं ऐकलं नाही.' पुस्तक त्यांनी तात्काळ मिटलं.

"मास्तर, लेकराइले हे शिकवून राह्यले का तुमी?"

"भाऊ, पुढची ओळ वाचा ना," बापूजी मास्तर म्हणाले. "वाघ खाते त्याले."

"घाण दिसल्यावर पुढं काऊन जायचं?"

युक्तिवाद बिनतोड होता. चौकशी समिती नेमली गेली. पुस्तक वाचल्यास सभासदांवरच कुसंस्कार होण्याचा संभव असल्यानं ते न वाचण्याचं ठरलं. फक्त ती ओळ मागवण्यात आली. समिती उदार होती. पाडस, आई आणि ऐकणं यांत तिला काही गैर आढळलं नाही. दोष निघाला तो केवळ 'नाही' या शब्दात. तेवढ्यावर शाई फासावी, बाकी पुस्तक चालू ठेवावं आणि मास्तरांनी छापल्याबाहेर एक शब्दही बोलू नये, असा हुकूम आला.

तिसरीतल्या सोमारीनं वर्गात मोठ्यानं वाचलं, "पाडसानं आईचं ऐकलं. वाघानं त्याला खाल्लं."

बापूजींनी तोंड उघडलं, आणि हुकूम आठवून मिटलं.

दुसऱ्या दिवशी नाल्याकडे वाघाचे माग दिसले. सोमारीच्या आईनं, सुकरीनं, तिला तिकडे जायचं नाही म्हणून बजावलं. सोमारी जीव वाचवायला थेट नाल्याकडे धावली.

सारं गाव ढोल बडवत शोधायला निघालं. बापूजी अनवाणी सगळ्यांच्या पुढे होते. दुपारी पोर मोहाच्या झाडावर सापडली, थरथरत, पण धडधाकट. बापूजी झाडाखालीच बसले आणि हमसून हमसून रडले.

समिती पुन्हा बसली. सुकरी म्हणाली, "गुरुजीचं पुस्तक वाचून पोरगी जंगलात गेली. पन त्यातला शब्द तं तुमीच मिटवला ना!"

लेखनिकानं पहिलं वाक्य उतरवून घेतलं. दुसरं विषयाला सोडून होतं.

बापूजींची बदली सिरोंच्याला झाली. पुस्तक शाळेच्या आवारात जाळण्यात आलं.

गुणवंतरावांबद्दल तुमचं मत एव्हाना पक्कं झालं असेल. त्यांनी आपली बाजू मांडणारा बारा पानी खुलासा समितीला दिला होता. तो मी इथं दिलेला नाही. तुम्हीही मागितला नाहीत.