पाठ फिरवून बांधायचा पट्टा

भिकू आगवाला भर मासळीबाजारात, बोलता बोलता तुम्हाला पाठ दाखवून उभा राहायचा. तुम्ही बांगड्याच्या भावाबद्दल काही सांगताय, तो मान डोलावतोय, आणि एकदम गर्रकन फिरून त्याचं तोंड समुद्राकडे. नव्या माणसाला वाटे, आपण बोलू नये ते काहीतरी बोललो. तसं काही नसे. त्याच्या कमरेचा हिरवा पट्टा सैल झालेला असे, आणि समोरच्याकडे तोंड करून पट्टा आवळणं हा म्हणे त्या माणसाचा अपमान. पाठ दाखवणं हा मात्र मान. हे शास्त्र त्याने कोरियातून आणलं होतं.

हो, कोरियातून. आमच्या मालवणची माणसं बोटीवर गेली की नायलॉनच्या साड्या आणतात, ट्रांझिस्टर आणतात, निदान चांगलं घड्याळ तरी. भिकू बोटीच्या भट्टीत कोळसा ओढणारा आगवाला. ती बोट एकदा पुसान बंदरात दुरुस्तीसाठी बरेच महिने पडून राहिली. बाकीचे खलाशी पत्ते कुटत बसले आणि ह्या गृहस्थाने गोदीच्या पहारेकऱ्याकडून लाथा मारायला शिकून घेतलं. त्या विद्येचं नाव तायक्वांदो. ते आमच्या वाडीत कुणाच्या जिभेवर बसलं नाही. लोक आपले ‘भिकूच्या लाथा’ म्हणत.

त्याचं घर माझ्या कुंपणाला लागून. मी मामलेदार कचेरीत कारकून, मला सकाळची झोप प्यारी. ह्याच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, उजाडायच्या आत आरडाओरडा सुरू: “हाना, दुल, सेत.” म्हणजे एक, दोन, तीन. मराठी आकड्यांनी लाथ बसत नाही की काय, असं मी एकदा त्याला कुंपणावरून विचारलं.

“भाऊ, तुमी गणपतीची आरती इंग्लिशीत म्हणतास?” त्याने मलाच विचारलं, आणि पुन्हा हाना दुल सुरू.

पट्ट्यांचं त्याचं पुराण कुणीही न विचारता चालू होई. “पांढरो पट्टो म्हणजे कायेक येणा नाय. पिवळो म्हणजे बी मातयेत पडला. हिरवो म्हणजे कोंब इलो.” मी म्हटलं, “आणि काळो?” तर म्हणे, “ता आपला काम न्हय.” म्हणजे आमचे हे गुरुमहाराज स्वतःच कोंबावर थांबलेले. झाडाचं दर्शन त्यांना झालेलंच नव्हतं. तरी ऐट अशी की कोरियाचा राजा ह्याच्या खळ्यात पाणी भरतो.

सुरुवातीला वाडीतले चार-सहा रिकामटेकडे शिष्य झाले. जुन्या शिडाच्या कापडाच्या पट्ट्या कापून त्याने त्यांना पांढरे पट्टे बांधले. पण पट्टा कधी धुवायचा नाही, हा त्याचा कडक नियम. धुतला तर म्हणे त्यात मुरलेली मेहनत निघून जाते. मेहनत मुरत होती की काय मुरत होतं ते मला वारा फिरला की घरबसल्या कळे. शेवटी त्या शिष्यांच्या बायकांनीच ती शाळा मोडली.

त्याचं पालुपद एकच होतं: “हात वर, हनुवटी खाली.” मुठी तोंडासमोर धराव्यात, हनुवटी छातीकडे ओढावी, म्हणजे समोरच्याचा फटका वर्मी बसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण हा माणूस ते कुणालाही सांगे. माझ्याकडे कचेरीत आला की तिथे अर्ज घेऊन आलेल्यालाही सांगे. एका लग्नात नवरीला आशीर्वाद म्हणूनही त्याने हेच ऐकवलं. नवऱ्यामुलाची आई त्याच्याकडे कशी बघत होती ते मी पाहिलंय.

आणि विद्येचा प्रत्यक्ष उपयोग? तोही सांगतो. रापणीच्या जाळ्यातल्या मासळीच्या वाटणीवरून एकदा पांडू नावाच्या रांगड्या गड्याशी ह्याची जुंपली. सगळा किनारा गोळा झाला. आता कोरिया बघायला मिळणार म्हणून मीही चहा टाकून धावलो. भिकूने काय करावं? पांडूसमोर दोन्ही हात मांड्यांना चिकटवून कमरेत वाकून नमस्कार केला. लढण्याआधी तो करावाच लागतो म्हणे. पांडूने कोरिया पाहिलेला नव्हता. त्याने वाकलेल्या भिकूच्या टाळक्यात ओली टोपली हाणली. भिकू वाळूत बसला, उठला, पट्टा सुटलाय असं त्याच्या ध्यानात आलं, आणि तो बांधायला पांडूकडे पाठ करून उभा राहिला. पुढचं सांगत नाही.

असा हा माणूस, आणि त्याच्या हाती एका मुलीचं नशीब. मला खरा राग ह्या गोष्टीचा होता.

कुसुम त्याची एकुलती एक लेक. भिकू बोटीवर असतानाच तिची आई तापाने गेली. तो परतला तो पुन्हा बोटीवर गेलाच नाही. घरात दोघंच. मुलगी हुशार, सातवी पास होऊन पुढेही शिकली, आणि मुंबईच्या एका इस्पितळात नर्सचं शिक्षण घ्यायला तिची निवड झाली. दुसरा बाप असता तर पेढे वाटले असते. ह्याने अट घातली. पिवळा पट्टा मिळवल्याशिवाय मुंबईचं नाव काढायचं नाही.

परीक्षा घेणारा हाच. तिचा पाय ह्याच्या छातीला टेकला की पास, असा नियम. बिचारी पोर लुगड्याचा काष्टा मारून खळ्यात उभी राहायची आणि हा दरवेळी तिला नापास करायचा. “अंतर चुकला गो.” “लाथ मारलंस तर पाय मागे कोण घेतलो?” “माझ्या डोळ्यांत कित्याक बघतंस? डोळे फसवतत. छातयेत बघ.” पहिल्या वर्षाची जागा अशीच हातची गेली. इस्पितळाने दुसऱ्या वर्षी तिला पुन्हा बोलावलं, तरी ह्याचं आपलं चालूच.

मी एकदा न राहवून म्हटलं, “भिकू, तुका भाकऱ्या भाजूक ह्या चेडू घरात व्हया, म्हणून ही सगळी नाटकां.”

तो चिडला नाही. “थयसर मुंबयत चेडू एकटा ऱ्हवतला, भाऊ,” तो म्हणाला. “कोणी हात धरल्यान तर मी खंयसून धावान?”

सबब चांगली होती. माझा त्या सबबीवर विश्वास बसला नाही.

जूनमध्ये शिकवणी सुरू व्हायची होती. पावसाळ्यात मुंबईच्या आगबोटी बंद होतात. शेवटची बोट उद्या, आणि आज संध्याकाळी शेवटची परीक्षा. ह्या वेळी जागा गेली तर इस्पितळ पुन्हा बोलावणार नव्हतं. परीक्षेला एक पंच लागतो असं भिकूला अचानक आठवलं आणि मला पाटावर बसवण्यात आलं. पडवीत कुसुमने पत्र्याची ट्रंक आधीच भरून ठेवली होती. तिची हिंमत मला आवडली.

दोघांनी वाकून नमस्कार केला. कुसुमने डावा पाय उचलल्याची हूल दिली आणि उजवा मारला. भिकू सरकला. तिने पाय झटकन मागे घेतला, पुन्हा अंतर धरलं, डोळे त्याच्या छातीवर. मला ह्यातलं काही कळत नाही, पण तेवढं दिसत होतं की आता ह्या पोरीत खोट काढायला जागा नाही. भिकूलाही दिसलं असणार. तो मागे मागे जात पडवीपाशी आला, त्याची नजर ट्रंकेवर गेली, आणि बाजारातसुद्धा हात वर धरून चालणाऱ्या त्या माणसाने दोन्ही हात सावकाश खाली सोडले.

पाय बदकन छातीवर बसला. भिकू खळ्यात बसकण मारून म्हणाला, “पास.”

कुसुम जागची हलली नाही. “बाबा, तुमचे हात खाली होते.”

“पंचाक इचार.”

ती माझ्याकडे वळली. माझं सबंध आयुष्य कचेरीत खरं-खोटं करून शिक्के मारण्यात गेलेलं. मी म्हटलं, “वर होते. मी बघलंय.”

भिकू घरात गेला आणि देव्हाऱ्यामागून पिवळा पट्टा घेऊन आला. शिडाच्याच कापडाचा, हळदीत रंगवलेला. पण हळद पार विटून गेली होती. कालपरवा रंगवलेला पट्टा नव्हता तो. पहिल्या परीक्षेच्याही आधी रंगवून ठेवलेला असणार. ही मुलगी पास आहे हे त्याला तेव्हापासून माहीत होतं. मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. त्याने तो तिच्या कमरेला बांधला, गाठ मारली, पुन्हा सोडली, पुन्हा मारली.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर गर्दी होती. आगबोट नेहमीप्रमाणे खोल पाण्यात लांब उभी, माणसं होडीतून तिथवर जायची. कुसुम होडीत ट्रंकेवर बसली. होडी सुटली मात्र, आणि भिकूने तिच्याकडे पाठ फिरवून पट्टा बांधायला घेतला.

मी त्याच्या समोरच होतो. पट्टा सुटलेला नव्हता. गाठ घट्ट होती. तो नुसतीच गाठीवरून बोटं फिरवत होता, आणि त्याचं तोंड मला बघवेना, म्हणून मी त्याच्या खांद्यावरून समुद्राकडे बघत राहिलो.

“भाऊ,” तो म्हणाला, “हात वर आसत तिचे?”

ती हात हलवत होती. ह्या वेळी खोटं बोलावं लागलं नाही. “वर आसत.”

“आणि हनुवटी?”

पोरीची मान इतकी खाली गेली होती की तोंड पदरात दिसत नव्हतं.

“खाली आसा,” मी म्हटलं.

“बरा,” भिकू म्हणाला, आणि गाठीवरची बोटं तशीच ठेवून उभा राहिला.