बिनमुळाचं पाणी

एका जंगलात डोह काठोकाठ भरलेला होता, आणि त्याच्या काठावर सगळे प्राणी तहानलेले उभे राहून भांडत होते.

असं कसं, म्हणाल. मुलांनो, शिकलेल्यांचं जंगल होतं ते. मध्ये बोलू नका.

"हे पाणी परत करायचं!" धनेश सर वडाच्या फांदीवरून म्हणाले. धनेश म्हणजे तो मोठ्या चोचीचा पक्षी. त्याच्या चोचीवर आणखी एक चोच ठेवल्यासारखी दिसते, त्यामुळे तो काहीही बोलला तरी दोनदा बोलल्यासारखं वाटतं. "साहेबाला कळवायचं, की मागणीत चूक झाली. मग योग्य शब्दात पुन्हा मागायचं."

"आणि तोवर प्यायचं काय? तुमचा शब्द?" ठकूआजीनं विचारलं. ठकूआजी ही डोहातली कासवीण. सगळ्या जंगलात ती एकटीच पाण्यात होती, नाकापर्यंत.

"आजी, जरा जपून बोला," सांबर म्हणालं. सांबर सरांच्या वर्गात पहिलं आलेलं. जीभ बाहेर आली होती, तरी ते शुद्ध बोलत होतं.

टँकरवाला पाइप हातात धरून उभा होता. उलटं ओढून न्यायचं का, ते एकदा काय ते नक्की करा, म्हणत होता.

आता भांडण इथवर कसं आलं, ते ऐका.

दोन वर्षांपूर्वी सरांनी वडाखाली इंग्रजीचा वर्ग काढला. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "शब्द पाठ करत बसू नका. मुळं पाठ करा. एका लॅटिन मुळाला इंग्रजीचे पन्नास शब्द लागलेले असतात. 'पोर्ट' म्हणजे वाहून नेणं. एवढं आलं की ट्रान्सपोर्ट आलं, एक्स्पोर्ट आलं, पोर्टर आला, पोर्टेबल आलं."

मुंग्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या. वाहून नेण्याला इतके शब्द आहेत हे ऐकून घेतलं, आणि त्या कामाला निघून गेल्या. परत काही आल्या नाहीत.

बाकीचे मात्र रमले. 'व्होर' म्हणजे गिळणारा, असं एके दिवशी सरांनी सांगितलं. आपण कार्निव्होर आहोत हे कळल्यापासून तरस दुसऱ्याचं उष्टं मान वर करून खायला लागलं. सांबर तर दोन दिवस चरायला गेलं नाही. "मी हर्बिव्होर आहे," ते म्हणायचं, "आणि इतकी वर्षं मी नुसतंच गवत खात होतो."

सर सांगत ते सगळं खरं होतं बरं का. त्यात खोट काढायला जागा नव्हती. फक्त जो शब्द लॅटिनातून आलेला नाही, तो सर शिकवत नसत. आता भूक, आई, घर, आग, पाऊस, यांना इंग्रजीत जे रोजचे शब्द आहेत, ते काही लॅटिनातून आलेले नाहीत. म्हणून ते वर्गात कुणी काढत नसे.

ठकूआजी वर्गात नव्हती. डोहापासून वडापर्यंत जायला तिला चार दिवस लागत. तिचं इंग्रजी निराळ्या वाटेनं आलेलं. सहलीच्या जीपा डोहापाशी थांबत. जीपमधली पोरं वेफर्सच्या पुड्यांवरची अक्षरं आईला मोठ्यानं वाचून दाखवत, आणि पुडे पाण्यात फेकत. आजी खालून ऐकायची, मग पुडा ओढून नेऊन अक्षरं जुळवून बघायची. पुड्यांवरून डब्यांवर गेली, डब्यांवरून बाटल्यांवर. तीस वर्षं.

"मला कुणी शिकवलं नाही," ती पाण्यावर येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायची, विचारलेलं नसलं तरी. "एक अक्षर कुणाचं उसनं नाही."

मग तो उन्हाळा आला. डोह आटत आटत गुडघ्याएवढा झाला, बगळ्याच्या गुडघ्याएवढा. बाकीच्यांना डोंगरापलीकडची नदी होती, दोन दिवसांच्या वाटेवर. आजीला तिथं पोचेपर्यंत दिवाळी झाली असती. अशात कळलं, की जंगलाची मागणी ऐकायला शहरातून साहेब येणार आहे. त्याला इंग्रजीशिवाय काही समजत नाही, आणि जंगलाच्या वतीनं एकानंच बोलायचं आहे.

"वॉटर म्हणा," आजी म्हणाली. "एवढंच म्हणा आणि गप्प बसा."

"मूळ?" सरांनी विचारलं.

"ते मला ठाऊक नाही. बाटलीवर तो शब्द असतो, आणि बाटलीत ती वस्तू असते."

सरांनी वही चाळली. "लॅटिनात नाही. कुणाचा कोण, कुठून आला, कुणास ठाऊक. असल्या शब्दानं जंगलाच्या वतीनं काही मागता यायचं नाही."

'ॲक्वा' हे पाण्याचं लॅटिन मूळ पढवून सांबराला पुढं केलं. साहेब आला तसं ते छाती काढून म्हणालं, "ॲक्वा! ॲक्वाटिक! ॲक्विडक्ट! ॲक्वेरियम!"

यातला शेवटचा शब्द साहेबाच्या ओळखीचा निघाला. त्याच्या घरी दिवाणखान्यात एक होतं. त्यानं तो फायलीत लिहून घेतला, सांबराची पाठ थोपटली आणि निघाला. आजी डोहाच्या मधून पहाटेच काठाकडे निघाली होती. ती पोचली तेव्हा जीपची धूळ खाली बसत होती.

पंधरा दिवसांनी ट्रक आला. त्यातून काचेची मोठी पेटी उतरली. आत पाणी, पाण्यात चार लाल मासे आणि प्लॅस्टिकचं शेवाळ. वर झाकण, झाकणाला कुलूप. पेटीभोवती लाल रिबन.

सर गहिवरले. "शब्द उच्चारला आणि वस्तू आली! शिक्षण म्हणतात ते याला!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तरसाला वाजवता आल्या नाहीत, ते काच चाटत होतं. तोवर डोंगरापलीकडची नदीही आटली होती.

आजीच्या डोहात आता चिखल उरला होता, आणि चिखलाला भेगा. तिनं रिबन पाहिली. रिबन आहे म्हणजे कापणारा येणार. ती तोंडात एक रिकामी बाटली धरून निघाली, आणि जीपच्या चाकोरीत मधोमध जाऊन बसली. नऊ दिवस बसली. तिची पाठ इतकी तापली, की सरडासुद्धा वर चढून लगेच उतरला.

दहाव्या दिवशी जीप आली. तिला थांबावंच लागलं. साहेब खाली उतरला. आजीनं बाटली त्याच्या बुटावर ठेवली आणि म्हणाली, "वॉटर."

साहेबानं डोहाकडे पाहिलं. पहिल्यांदाच पाहिलं. "मग हे आधी कुणी का नाही सांगितलं?" तो इंग्रजीत म्हणाला. वर्गातल्या कुणालाही त्याचं बोलणं समजलं नाही, कारण त्यात एकही लॅटिन मूळ नव्हतं.

रिबन कापून तो गेला. चौथ्या दिवशी टँकर आला, डोह भरला, आणि भांडण सुरू झालं.

"बिनमुळाच्या शब्दानं आलेलं पाणी," सर सांगत होते, "आज आपण प्यालो, तर उद्या आपली पोरं काय शिकतील?"

"जगायला," आजी म्हणाली.

"सर," तरसानं विचारलं, "ठरावाला माझा पाठिंबा आहेच. पण तोवर मी थोडंसं पिऊ का?"

"खाली बसा."

सांबराचं पाडस मघाशीच खाली बसलं होतं. आता ते उठत नव्हतं. सांबर एकदा पाडसाकडे बघे, एकदा सरांकडे. मग ते पाण्याच्या कडेला वाकून हळूच म्हणालं, "आजी, काहीतरी मूळ सांगून टाका ना. खोटं का होईना. म्हणजे पिता येईल."

"मी खोटं मूळ सांगू?" आजी म्हणाली. "तीस वर्षं चिखलात बसून शिकले ती त्यासाठी?"

"लाव रे पाइप," सर टँकरवाल्याला म्हणाले.

पाइपचं तोंड पाण्यात पडलं. आजीनं त्याच्याकडे पाहिलं, मग पाडसाकडे पाहिलं. जन्मात एकदाही उच्चारलं नव्हतं असं काहीतरी तिच्या घशाशी आलं, आणि तिनं ते गिळायचा एकदा प्रयत्नही केला. मग मान होती तेवढी बाहेर काढून, वडापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"घेऊन जा पाणी, सर, का परत केलं ते विचारायला साहेब येईलच, तेव्हा मी पुन्हा तोच शब्द म्हणेन, आणि हा बिनमुळाचा शब्द कुठं शिकलीस म्हणाला तर सांगेन, धनेश सरांच्या वर्गात."

"काढ रे पाइप," सर टँकरवाल्याला म्हणाले.

तात्पर्य: विद्वानांच्या वर्गाला नावं ठेवू नयेत. ते मागतात ती वस्तू कुणाच्या कामाची नसते, पण तिच्या उद्घाटनाला साहेब परत येतो.