जपूनराव कपाट होतात

बायको रोज संध्याकाळी ज्या जगात जाते, ते जग धोक्याचं आहे की नाही एवढं एकदा दुरून बघून यायचं, असं जपूनरावांनी ठरवलं. आत शिरायचं नाही, कोणाशी बोलायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. उंबऱ्यातून डोकवायचं आणि आल्या पावली परत. (पाण्यात नुसते पाय बुडवून बघतो म्हणणारी माणसं पुढे कुठे सापडतात, हे सगळ्यांना माहीत आहे.)

जपूनराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते रंगाच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते. तोंडात सदैव एकच शब्द, 'जपून', म्हणून कामगारांनी त्यांना ते नाव चिकटवलं होतं. त्यांच्या कारकिर्दीत कारखान्यात कोणाला साधं खरचटलं नव्हतं. त्याबद्दल त्यांचे कोणी आभार मानले नव्हते, हेही खरं. न झालेल्या अपघाताचे आभार कोण मानणार? घरीही तोच कायदा. किटलीवर 'गरम' अशी चिठ्ठी, स्टुलावर 'चढू नये' अशी चिठ्ठी. "मग स्टूल आहे कशाला?" असं बायकोने विचारलं तेव्हा, "असू दे, घरात असावं," असं त्यांनी गंभीरपणे सांगितलं होतं. बायकोने एकदा स्कूटर शिकायची इच्छा बोलून दाखवली, तर त्यांनी तिला कारखान्यातली अपघातांची फिल्म आणून दाखवली. चहाबरोबर.

बायको चष्म्याच्या दुकानात काम करायची. डोळ्यांवर बांधायचे ते नवे डबे, म्हणजे हेडसेट, दुकानाने विकायला ठेवले आणि आधी वापरून बघा म्हणून नोकरमंडळींना दिले. तिने एक स्वतःसाठी आणला, एक आईसाठी. सासूबाई पलीकडच्याच गल्लीत राहायच्या, पण गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून घराबाहेर पडत नसत. आता मायलेकी आपापल्या घरी, आपापल्या खुर्चीत बसून रोज एका गावाला जाऊ लागल्या. ते गाव कुठेच नव्हतं, तरी तिथे गर्दी होती.

"तिथे करता काय तुम्ही?" जपूनरावांनी विचारलं.

"काही नाही. फिरतो."

"कोणाबरोबर?"

"लोकांबरोबर."

"कसले लोक?"

"कसले म्हणजे? कोणी अस्वल आहे, कोणी ढग आहे. चांगले आहेत हो सगळे. तुम्ही या ना एकदा."

आपली बायको एका ढगाबरोबर हिंडते हे ऐकून जपूनराव मनातल्या मनात चौकशीचा फॉर्म भरू लागले. हा ढग कोण? करतो काय? त्याचं वय किती?

आग विझवण्याचा सराव घ्यायला कारखान्यानेही असाच एक डबा घेतला होता. त्यात एक आग होती आणि एक नळकांडं. जपूनरावांनी ती आग इतक्यांदा विझवली होती की हल्ली त्यांना नुसतं पाहून ती मान टाकायची. तो डबा त्यांनी सुटीपुरता घरी आणला. (घरी न्यायला परवानगी लागते. ती देण्याचा अधिकार त्यांनाच होता. त्यांनी बराच विचार करून ती दिली.)

सुटी म्हणून बायको त्या दिवशी दुपारीच बाहेरच्या खोलीत डबा बांधून बसली, तसे जपूनराव हळूच अडगळीच्या खोलीत शिरले. डोक्यावर हेल्मेट, गुडघ्यांना पट्टे. डोळे बांधलेला माणूस भरकटतो, म्हणून कमरेला दोर बांधून त्याचं दुसरं टोक खिडकीच्या गजाला. मग त्यांनी डबा डोळ्यांवर ओढला, आग बाजूला सारली आणि बायकोच्या त्या गावाचं बटण दाबलं.

एक गोड आवाज म्हणाला, "आपलं स्वागत आहे! आपला कॅमेरा वापरू का?"

"नाही," जपूनरावांनी बटण दाबलं.

"माइक वापरू का?"

"नाही."

"आपले हात ओळखू का?"

"अजिबात नाही."

"आपलं नाव?"

रिकामं.

"आपण स्त्री, पुरुष, प्राणी की आणखी काही?"

हे विचारणारी तू कोण, असं म्हणून त्यांनी तेही रिकामंच ठेवलं. गोड आवाजाने उसासा टाकल्याचा त्यांना भास झाला. "हरकत नाही. माहिती मिळेपर्यंत आपल्याला तात्पुरतं रूप देत आहोत."

आणि समोर एक झगझगीत चौक उघडला. मधोमध कारंजं, चहूबाजूंनी माणसं, जनावरं, फळं आणि ढग. जपूनरावांनी कारंज्याच्या पाण्यात स्वतःला पाहिलं. पाण्यात एक कपाट होतं. तपकिरी, दोन दारांचं, एक पाय किंचित आखूड.

त्यांनी मान हलवली. कपाटाची दारं उघडली आणि धाडकन मिटली.

"वा! चालतं कपाट!" एक हॅटवाला ऑक्टोपस जवळ आला. "भाऊ, घाईत आहात का? एवढी छत्री ठेवतो आत. आलोच."

जपूनरावांना 'परक्यांचं सामान स्वीकारू नये' असं सांगायचं होतं. पण माइक नाकारलेला. त्यांनी ठाम नकारार्थी मान हलवली, त्यासरशी दारं सताड उघडली, आणि छत्री आत गेली. मग एका सशाने कोट ठेवला. एक अननस तर उन्हाचा म्हणून स्वतःच आत येऊन बसला. आजवर जपूनरावांनी भल्याभल्यांना 'आत येऊ नये'च्या पाट्या दाखवल्या होत्या. आता त्यांच्या आत माणसं बसत होती.

एवढ्यात ओळखीचा आवाज आला.

"भर गं आई, बारूद भर! आज तळ्याच्या पार पलीकडे जायचंय."

चौकाच्या टोकाला एक तोफ होती. तोफेच्या तोंडातून शिंगं असलेली एक मुलगी डोकं बाहेर काढून हसत होती, आणि तो आवाज जपूनरावांच्या बायकोचा होता. तोफेला बत्ती द्यायला एक पैलवान उभा होता. छाती दरवाज्याएवढी, मिशा कानांपर्यंत. पैलवान म्हणाला, "हात आत घे गं बाळे," आणि तो आवाज सासूबाईंचा होता.

हेल्मेट नाही. कठडा नाही. जवळपास वाळूची एक बादलीसुद्धा नाही. जपूनरावांना पुढचं-मागचं भान उरलं नाही. ते बटण दाबून अननसासकट धावले आणि तोफेसमोर आडवे उभे राहिले.

"अगं, हे कपाट कुठून मध्येच आलं?" सासूबाईंनी मिशी खाजवली.

"बाजूला हो रे कपाटा!" मुलगी ओरडली.

कपाटाने दारं आपटली.

"हट्टी दिसतंय," सासूबाई म्हणाल्या. "अगदी आपल्या जावईबापूंसारखं."

"पण आहे छान. आई, आपल्याकडे कपाट नाहीच. न्यायचं का घरी?"

सासूबाईंनी जावयाला उचलून खांद्यावर टाकलं. (अननस वाटेत छत्री आणि कोट घेऊन उतरला, ज्याचे त्याला द्यायला.)

बायकोचं तिथलं घर कड्याच्या अगदी टोकाला होतं. एकाही खिडकीला गज नव्हते. खाली ढग, त्याखाली समुद्र. जपूनरावांनी घट्ट डोळे मिटले, पण कपाटाने डोळे मिटले हे कोणाला कळणार? सासूबाई कुस्तीला जाते म्हणून निघून गेल्या. मग शिंगवाली मुलगी कपाटाला टेकून जमिनीवर बसली.

"तुला बोलता येत नाही, होय ना?" ती म्हणाली. "बरंय. आमच्याकडे बोलणारे पुष्कळ आहेत."

तिने पाय लांब केले.

"एक सांगू? कोणाला बोलू नकोस. आमच्या दुकानाची नवी शाखा निघतेय, शहराच्या दुसऱ्या टोकाला. मालक म्हणाले, तुम्हीच सांभाळा. मी, कपाटा! इतकी वर्षं लोकांच्या नाकावर चष्मे बसवले, आता अख्खं दुकान मिळतंय." तिने एक शिंग चोळलं. "पण जायला स्कूटर लागेल. ह्यांना सांगितलं की हे घाबरणार. आणि ओरडले तर एक वेळ चालेल रे, पण हे नुसते घाबरतात. तो चेहरा बघितला की माझंही अवसान गळतं. म्हणून उद्या नाही म्हणून टाकणार आहे. इथे येऊन तोफेतून उडते, तेवढं बास."

अडगळीच्या खोलीत, हेल्मेटखाली जपूनरावांचे कान तापले. आजवर त्यांना वाटायचं, आपण बायकोला जपतो. ट्रक आठवले, ओले रस्ते आठवले, अचानक दार उघडणाऱ्या मोटारी आठवल्या. पण त्या सगळ्यांच्या पुढे तोफेच्या तोंडातला तो हसरा चेहरा येऊन उभा राहिला. घरी ती शेवटची अशी कधी हसली होती, ते काही आठवेना.

"तूच सांग," मुलगी म्हणाली. "घेऊ का शाखा? घे म्हणत असशील तर दार उघड."

जन्मात पहिल्यांदा जपूनरावांनी धोक्याला होकार दिला. सवय नसल्यामुळे तो जरा जास्तच जोरात दिला गेला. मान अशी काही हलली की तिथे कपाटाचं एक दार निखळून कड्याखाली गेलं, आणि इथे हेल्मेट फळीवर आदळून फळीवरचे रंगाचे सगळे डबे गडगडत खाली आले.

बायको धावत आली. अडगळीच्या खोलीत आपला नवरा हेल्मेट घालून, गुडघ्यांना पट्टे लावून, खिडकीला बांधलेल्या अवस्थेत, नखशिखांत फिकट हिरवा होऊन, जोरजोरात मान हलवत होता.

"अहो! कोणी बांधलं तुम्हाला?"

"मीच."

"का?"

"सुरक्षिततेसाठी." त्यांनी डबा काढला. डोळ्यांभोवती तेवढा पांढरा चौकोन उरला होता. "घे तू."

"काय घेऊ?"

"शाखा."

बायकोने त्यांच्या कमरेचा दोर सोडायला हात पुढे केला. मग तिची नजर त्यांच्या हातातल्या डब्यावर गेली.

"म्हणजे ते कपाट..."

"हो."

"तुम्ही चोरून ऐकत होतात?"

"मी कुठे ऐकायला आलो होतो? तुम्ही मला उचलून नेलंत."

"लाज नाही वाटली? कोणाच्या परवानगीने आलात?"

"परवानगीच तर कशाला दिली नाही," जपूनराव कळवळून म्हणाले, "म्हणून ही वेळ आली!"

बायकोला हसू येत होतं, पण तिने ते येऊ दिलं नाही. चोरून ऐकलं ते ऐकलंच. रंग निघेपर्यंत ती त्यांच्याशी बोलली नाही, आणि तो रंग त्यांच्याच कारखान्याचा असल्यामुळे लवकर निघेना.

शाखा मात्र तिने घेतली. स्कूटरही शिकली. ती पहिल्यांदा एकटी निघाली तेव्हा जपूनराव फाटकाशी उभे होते. त्यांच्या तोंडात ट्रकपासून मोकाट कुत्र्यांपर्यंत सगळं आलं होतं. त्यांनी ते आवंढ्याबरोबर गिळलं, आणि "हेल्मेटचा पट्टा बसला ना नीट?" एवढंच म्हणाले. मग ती परत येईपर्यंत ते फाटकाशीच उभे राहिले, हा भाग वेगळा.

पुढे एका संध्याकाळी बायकोच म्हणाली, "चला की आता राजरोस." या वेळी जपूनरावांनी सगळं कबूल केलं. कॅमेरा घ्या, माइक घ्या, हात घ्या. बदल्यात त्यांना उंचापुरा, कुरळ्या केसांचा, रुंद खांद्यांचा देह मिळाला. ते रुबाबात चौकात उतरले. कोणी वळूनही पाहिलं नाही. तेव्हा त्यांनी कारंज्याच्या कट्ट्यावर उभं राहून कठड्यांचं महत्त्व, तोफेपासून राखायचं अंतर आणि ढगांनी घ्यायची खबरदारी यावर चार शब्द सांगितले. ते चार शब्द बराच वेळ चालले. चौक हळूहळू रिकामा झाला.

शेवटी बायको आणि सासूबाई सोडल्या तर उरला तो हॅटवाला ऑक्टोपस. तो केविलवाणेपणाने म्हणाला, "साहेब, तुमचं झालं असेल तर एक विचारू? इथे एकदा एक कपाट आलं होतं. कुठे दिसलं का? फार भला माणूस होता हो. माझी छत्री सांभाळली. सगळं गाव त्याची आठवण काढतंय."

जपूनरावांचा ऊर भरून आला. "अहो, मीच तो!"

ऑक्टोपसने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "काहीतरीच काय!"

"खरंच मी! विचारा हवं तर हिला." जपूनराव शिंगवाल्या मुलीकडे वळले. "सांग गं यांना, ते कपाट कोण होतं?"

मुलीने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी मिशीआड तोंड लपवलं.

"मी नाही बाई ओळखत यांना," मुलगी म्हणाली. "आमचं कपाट एवढं बोलत नव्हतं."