अप्पांची चकती

आमच्या घरात इस्त्री लागली की पडवीतून हाक यायची, "भार कोणाचा?"

हाक मारणारे म्हणजे अप्पा टिपणीस, आमचे घरमालक. पडवीच्या भिंतीवर मुख्य मीटर होता आणि त्याच्या काचेमागे एक चपटी चकती फिरत असायची. तिच्या कडेवर एक तांबडी खूण. ती खूण किती वेळानं समोर येते त्यावरून अप्पा सांगायचे, कोणाच्या घरात काय चाललंय. "हा पंखा नव्हे. पंख्याला ती अशी पळत नाही. ही इस्त्री आहे." आणि ती इस्त्रीच असायची. आत माझी बायको सुनंदा हातातला शर्ट तसाच टाकून म्हणायची, "आता नवऱ्याला चुरगळलेला पाठवू का शाळेत?"

मी तेव्हा अंबरनाथच्या एका शाळेत शिकवत होतो. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा सुमार असेल. लग्नानंतर बदलापुरात, सोनिवलीच्या रस्त्याला ही जागा मिळाली. बैठं घर, वर एक मजला चढवलेला. खाली एका बाजूला अप्पा, दुसऱ्या बाजूला आम्ही, वर मोतीराम आणि त्याची बायको. मोतीराम सिंधी, उल्हासनगरात त्याचं कपड्यांचं दुकान होतं. अप्पा एकटेच. बायको वारलेली, दोन मुली लग्न होऊन लांब, एक नागपूरला, एक इंदूरला. कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर होते. तिथं म्हणे जन्मभर यंत्रांच्या काट्यांवर नजर ठेवत फेऱ्या मारल्या. रिटायर झाले, पण पाय काही रिटायर झाले नाहीत. अंगणातून पडवीत, पडवीतून जिन्यात, जिन्यातून परत मीटरपाशी. त्यांना खुर्चीवर बसलेलं बघितल्याचं मला आठवत नाही. पेपरसुद्धा उभ्यानं वाचायचे.

विजेचं बिल एकच यायचं, अप्पांच्या नावावर. ते वाटून घेता यावं म्हणून दोन्ही बिऱ्हाडांत स्वयंपाकघराच्या दाराच्या वर एकेक छोटा सबमीटर होता. पहिल्या तारखेला सकाळी अप्पा स्वतःचं स्टूल आणि टॉर्च घेऊन आकडा घ्यायला यायचे. आकडा वाचायला कितीसा वेळ लागतो? पण अप्पा आले की बराच वेळ हलायचे नाहीत. चहा व्हायचा. तो घोट घोट पीत घरभर हिंडायचे, विझलेल्या बल्बला बोटांची मागची बाजू लावून "आत्ताच बंद केलेला दिसतो" म्हणायचे, भाजीला कसला वास आहे ते विचारायचे. मग वर जायचे, मोतीरामकडे दुसरा चहा.

मोतीरामनं फ्रिज आणला आणि अप्पांची झोप उडाली. नवराबायको दाराला कुलूप लावून उल्हासनगरला गेलेली, घरात चिटपाखरू नाही, आणि चकती अचानक पळायला लागायची. अप्पा धावत वर, कुलूप ओढून बघून खाली, तोवर चकती मंद झालेली. दिवसभर हेच. संध्याकाळी मोतीराम आला की जिन्यातच गाठायचे.

"तुझ्या घरात कोण असतं रे?"

"कोण असणार साईं? फ्रिज आहे. तो अपने आप चालू होतो, अपने आप बंद होतो."

"मालकाला न विचारता?"

मोतीराम हसून हसून पायरीवर बसला. अप्पांना मात्र ते खरंच पटलं नव्हतं. ज्या वस्तूचं बटण माणसाच्या हातात नाही, ती त्यांना बेभरवशाची वाटायची.

हे सगळं गमतीत चाललं होतं. पण त्या उन्हाळ्यात बिल वाढायला लागलं. आमचा आकडा, मोतीरामचा आकडा, अप्पांचा स्वतःचा नेहमीचा वापर, सगळं मिळवलं तरी मुख्य मीटर त्याहून जास्त दाखवायचा. अप्पांचं जेवणातलं लक्ष उडालं. एका रविवारी त्यांनी सगळ्यांना सगळी बटणं बंद करायला लावली आणि अप्पा, मोतीराम, मी असे तिघंही मीटरसमोर जाऊन उभे राहिलो. घामानं थबथबलेलो. चकती गोगलगायीसारखी, पण सरकत होती.

"कोणीतरी खातंय," अप्पा पुटपुटले.

त्या दिवसापासून त्यांचा डोळा आमच्या घरावर बसला, कारण आमच्याकडे विजेची शेगडी होती आणि ती आम्ही सबमीटर चुकवून लावतो असा त्यांना संशय. गॅस संपला की तेवढ्यापुरती वापरायचो. सुनंदाची आई आठ दिवस राहायला आली होती. एका दुपारी अप्पा हाक न देता थेट स्वयंपाकघरात आले, खाली वाकले आणि शेगडीला बोटं लावून बघितली. सासूबाई पोळ्या लाटत होत्या. त्यांनी लाटणं थांबवलं.

"थंड आहे," अप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात चक्क निराशा होती.

सासूबाई गेल्यावर सुनंदानं मला सांगितलं, "आपला वेगळा मीटर घ्या, नाहीतर वेगळं घर बघा. माझ्या आईसमोर माझ्या घरात चोर शोधतात!"

वेगळ्या मीटरच्या अर्जाला मालकाची सही लागते. मी कागद घेऊन गेलो. अप्पांनी हात मागे बांधले. "एका घराला तीन मीटर? मग ते घर कसलं? सही मिळणार नाही." मोतीरामनंही मीटर मागितला, त्यालाही तेच उत्तर. पुढचे काही दिवस पडवीत कोणी कोणाशी बोललं नाही. अप्पांच्या फेऱ्या तेवढ्या वाढल्या. चपलांचा फटफट आवाज सतत भिंतीपलीकडून यायचा.

शेवटी मोतीरामनं चामटोलीहून बबन वायरमनला आणलं, ज्यानं आमचे सबमीटर बसवले होते. बबननं एकेक फ्यूज काढून बघितला. आमचा काढला, चकती सरकतेच. मोतीरामचा काढला, सरकतेच. अप्पांचा काढला आणि ती जागच्या जागी थांबली. अप्पांच्या मोरीच्या ओल्या भिंतीत जुनी वायर उघडी पडली होती. तिथून वीज भिंतीत मुरत होती.

"काका, वाचलात," बबन म्हणाला. "ह्या नळाला हात लागला असता एखाद दिवशी."

अप्पांना वाचल्याचं काहीच नव्हतं. ते मान खाली घालून आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात उभे, एका हातात पानात बांधलेली जांभळं, दुसऱ्या हातात सही केलेला कागद.

"सुनंदाबाई," ते म्हणाले, "भार माझा होता."

सुनंदानं जांभळं घेतली. कागदही घेतला.

मोतीरामच्या कागदावरही सही झाली आणि यथावकाश मीटर आले. पडवीत ओळीनं तीन, ज्याचा त्याला. घरातले सबमीटर निघाले, दारावर भोकं तेवढी राहिली. बिलं वेगवेगळी यायला लागली. सुनंदा मन मानेल तेव्हा इस्त्री करू लागली. हाक नाही, काही नाही. अप्पा सुरुवातीला तिन्ही चकत्यांपुढे उभे राहायचे, मग तेही कमी झालं. काही दिवस "व्होल्टेज ठीक आहे ना?" असं दारातूनच विचारून गेले. मी "ठीक आहे" म्हणायचो. ठीक आहे म्हटल्यावर पुढं काय बोलणार? पुढं पुढं तेवढंही येईनात. पलीकडच्या चपला मात्र पहाटेपासून फटफटत असायच्या.

दिवाळीच्या आधी नवा प्लग बसवायला बबन आमच्याकडे आला होता. दारावरची भोकं बघून म्हणाला, "वैनी, हे सबमीटर मी बाहेर पडवीतच लावनार व्हतो. सोपं काम. पन टिपणीसकाका म्हनले, नाय, घरात लाव. डब्बल वायर गेली. पैसं त्यांनीच दिलं, कुनाला सांगू नको म्हनले."

"घरात कशाला?" सुनंदानं विचारलं.

"आता मला काय म्हाईत? म्हनले, बाहेर लावलेस तर मी आत कसा जानार?"

बबन गेल्यावर सुनंदानं पदराला हात पुसले आणि भिंतीवर थाप मारली.

"अप्पा! जरा येता का? मिक्सरचा आवाज बदललाय."

आवाज काही बदलला नव्हता. मी तोंड उघडणार होतो, तिनं डोळ्यांनी गप्प केलं.

चपला फटफटत आल्या. अप्पा दारात घुटमळले, मग आत आले. सुनंदानं स्टूल पुढं सरकवलं आणि ते त्याच्यावर चक्क बसले. तिनं भांड्यात खोबरं, मिरची, कोथिंबीर घातली आणि मिक्सर लावला. अप्पा मान तिरकी करून, डोळे मिटून ऐकत राहिले. मिक्सर थांबला तरी डोळे मिटलेलेच.

"कसा वाटतो?" सुनंदानं विचारलं.

"नक्की कळत नाही," अप्पा म्हणाले. "अजून एकदा लाव बघू."

चटणीचं पार गंध झालं होतं. सुनंदानं मिक्सर पुन्हा लावला, आणि मी चहाचं आधण ठेवलं.