तिऱ्हाईत आजी पाहिजे

करुणा माणसाच्या ठायी उपजतच असते. मात्र शाळेच्या शिक्क्याशिवाय ती ग्राह्य धरली जात नाही. हाँगकाँगमधल्या एका नामांकित शाळेने अकरावी-बारावीच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाला प्रवेश देण्याआधीच करुणेचा पुरावा मागायला सुरुवात केली, आणि तिथल्या शा टिन भागातल्या वसाहतीत म्हाताऱ्या माणसांचा तुटवडा पडला.

ढोबळ अंदाजाने दर म्हाताऱ्यामागे अडीच सेवाभावी जीव येत होते. (अर्धा म्हणजे फोटो काढायला आलेली आई.) वसाहतीतल्या मोकबाईंना कुठेही जायचं नसताना रस्ता ओलांडून देण्यात आला. माजाँग या सोंगट्यांच्या खेळाच्या ऐन डावात मुलं येऊन त्यांचे हात चोळून गेली. यातलं काहीच त्यांना नको होतं. त्यांना हवी होती नात, चिंग-लाम. दर शनिवारी ती यायची, सूप प्यायची आणि माजाँगमध्ये लबाडी करायची. आता शनिवारी ती शेजारच्या इमारतीतल्या सितबाईंना पेपर वाचून दाखवत होती, कारण घरच्यांवर केलेली माया सेवेत मोजली जात नाही, असा नियम होता. (त्याच वेळी सितबाईंचा नातू मोकबाईंचे हात चोळत असे.)

"पोपो, तुझ्याकडे आले तर माझा प्रवेश बुडेल गं," चिंग-लाम फोनवर रडवेली झाली. "आणि त्या सितबाई तर पहिल्याच बातमीला घोरायला लागतात!"

"मग सांग, मी तुझी आजीच नाही म्हणून. त्यात काय एवढं?"

पोपो म्हणजे आईची आई, त्यामुळे आडनाव वेगळंच होतं. मोकबाईंनी वृद्धसेवा केंद्रात 'मागेपुढे कोणी नाही' असं सांगून नाव घातलं, आणि चिंग-लामने सेवेसाठी त्यांनाच मागून घेतलं. लेकीजावयाचे फोटो कपाटात गेले. शनिवारी पुन्हा सूप उकळू लागलं, आणि आनंदाच्या भरात मोकबाई मुद्दाम एक डाव हरल्या.

मग शाळेच्या फॉकबाई तपासणीला आल्या. "ही मुलगी तुमची कोण?"

"कोणी नाही हो. येते बिचारी," असं म्हणता म्हणता मोकबाईंनी नातीच्या ओठाला लागलेला केकचा चुरा बोटाने पुसला आणि वर एक टपली मारली. "सावकाश खा की मेले, कोणी पळवतंय का?"

प्रवेश गेला, अशीच चिंग-लामची खात्री झाली.

फॉकबाईंचे डोळे मात्र भरून आले होते. "रक्ताचं नातं नसताना एवढा जीव! सख्ख्या नातीसुद्धा हल्ली असं वागत नाहीत."

प्रवेश पक्का झाला, शिवाय प्रशस्तिपत्र मिळालं. बातमी वसाहतभर पसरली आणि दोन महिन्यांत बहुतेक सगळ्या आज्या केंद्रात निराधार म्हणून दाखल झाल्या. शनिवारी घरोघरी नातवंडं दिसू लागली. खरोखरच ज्यांना कोणी नाही अशा बाया त्यांत कोणत्या, हे आता केंद्राला ओळखता येत नाही.

वाचकांनी मात्र काळजी करू नये. आपल्याही आजीकडे कोणी ना कोणी जात असेलच. (निदान आजवर आपण सगळ्यांनी तसंच धरून चाललो आहोत.)